पिरानचं मीठ

स्लोव्हेनियाला समुद्र आहे, हे बहुतेकांच्या लक्षातच नसतं. ब्लेडचं तळं, आल्प्सची शिखरं आणि राजधानी लुब्लियाना एवढ्यात या देशाची सहल आटोपते. पण इटली आणि क्रोएशिया यांच्या बेचक्यातून त्याला समुद्राकडे जाणारी एक चिंचोळी पट्टी मिळाली आहे. किनाऱ्याची सगळी लांबी मिळून 47 किलोमीटरच्या आत. तेवढ्यात आंकरान, कोपर, इझोला आणि शेवटी पिरान. भूमध्य समुद्राचा एड्रियाटिक नावाचा लांब फाटा इटलीच्या पूर्वेकडून वर सरकत जातो. त्याच्या माथ्याशी, एका टोकदार भूशिरावर पिरान बसलं आहे. तीन बाजूंना पाणी, चौथीला टेकडी आणि मधे इतकी खेटून उभी घरं की वरून पाहिलं तर गल्ल्या दिसतच नाहीत, नुसती लाल कौलं दिसतात. जुन्या गावाची वस्ती चार हजारांच्या आसपास.

लुब्लियानाहून बसने अडीचेक तास लागतात. आधी जंगलं, मग चुनखडीचं कार्स्ट पठार. पावसाचं पाणी वर न टिकता आत मुरतं आणि गुहा कोरतं, ते हेच पठार. त्याच्या कडेवरून रस्ता खाली उतरला की ऑलिव्हची झाडं आणि द्राक्षांचे मळे सुरू होतात. हवेतला गारवा तिथेच संपतो. जुन्या गावात पाहुण्यांच्या गाड्यांना मज्जाव आहे. बाहेर फोर्नाचेच्या वाहनतळावर गाडी ठेवायची आणि फुकटच्या बसने आत जायचं, किंवा समुद्राच्या कडेकडेने चालत जायचं. चालतच जावं. वाटेत मासेमारीच्या होड्यांचं छोटं बंदर लागतं आणि तिथून पाय आपोआप तार्तिनी चौकात येतात.

चौक लंबगोल आहे, फिकट दगडी फरशीचा, ऐसपैस. एवढ्या दाटीच्या गावात इतकी मोकळी जागा कुणी सोडली असेल, असा प्रश्न पडतो. कुणी सोडलीच नव्हती. 1894 पर्यंत इथे समुद्राचं पाणी होतं. गावाचं हे आतलं बंदर होतं आणि होड्या थेट घरांच्या दाराशी लागत. गावाचं सांडपाणीही त्यातच उतरत असे, त्यामुळे उन्हाळ्यात वास सुटायचा. शेवटी नगरपालिकेने ते बुजवून टाकलं. आज जिथे लहान मुलं सायकली फिरवतात आणि मोठी माणसं एका कॉफीवर तासभर काढतात, तिथे दीडशे वर्षांपूर्वी नावा डुलत होत्या. हे कळल्यावर चौकाभोवतीची घरं वेगळी दिसू लागतात. ती चौकाकडे नव्हे, धक्क्याकडे तोंड करून बांधलेली आहेत.

मधोमध व्हायोलिन घेतलेल्या माणसाचा पुतळा आहे. जुझेप्पे तार्तिनी 1692 साली या गावात जन्मला. जन्माच्या द्विशताब्दीसाठी पुतळा करायचं ठरलं आणि तो उभा राहिला 1896 मध्ये. सार्वजनिक कामांची गती सगळीकडे सारखीच असावी. घरच्यांना मुलगा धर्मगुरू व्हायला हवा होता. तो पदुआला कायदा शिकायला गेला, तलवारबाजीत रमला, गुपचूप लग्न केलं आणि त्यावरून गहजब झाल्यावर असिसीच्या मठात जाऊन राहिला. पुढे पदुआत त्याने काढलेल्या व्हायोलिनच्या शाळेत युरोपभरातून शिष्य येऊ लागले. ‘डेव्हिल्स ट्रिल’ ही त्याची सोनाटा प्रसिद्ध आहे. स्वप्नात सैतान पलंगाच्या पायथ्याशी बसून व्हायोलिन वाजवत होता आणि जाग आल्यावर आठवेल तेवढं आपण लिहून काढलं, अशी हकिकत त्याने स्वतःच सांगितली होती. मला त्याची दुसरी गोष्ट जास्त आवडते. दोन स्वर एकाच वेळी जोरकस आणि अचूक वाजवले की कानाला तिसराच एक खालचा स्वर ऐकू येतो, हे त्याने तरुणपणीच टिपलं आणि शिष्यांना सूर जुळवायला त्या तिसऱ्या स्वराचा उपयोग करायला लावला. तंबोऱ्याच्या तारांतून न छेडलेला गंधार ऐकायची सवय असलेल्या कानांना यात फारसं नवल वाटणार नाही.

चौकाच्या कडेला त्याचं घर आहे. आत त्याचं व्हायोलिन, पत्रं आणि मृत्यूनंतर चेहऱ्यावरून घेतलेला मुखवटा मांडून ठेवला आहे. तिथे वाचता वाचता एक तपशील समोर आला आणि पुढचं सगळं पाहणं त्याच्या अनुरोधाने झालं. तार्तिनीचे वडील फ्लॉरेन्सहून इथे आले ते मिठाच्या कारभारातले अधिकारी म्हणून. पोराच्या शिक्षणाचा खर्च, पदुआतली ऐट, सगळं मिठावर. मग चौकाभोवती पाहिलं तर प्रत्येक कमान, प्रत्येक कोरीव खिडकी मिठाचाच हिशेब सांगू लागली.

पिरान 1283 मध्ये व्हेनिसच्या सत्तेखाली गेलं आणि 1797 मध्ये व्हेनिसचं प्रजासत्ताक बुडेपर्यंत तिथेच राहिलं. पाचशे वर्षं म्हणजे थोडी नव्हेत. चौकाच्या कोपऱ्यावर पंधराव्या शतकातलं लाल रंगाचं गॉथिक घर आहे. सज्जा कोपऱ्यालाच काढलेला, आणि खिडक्यांच्या मध्ये एका शिलेवर इटालियनमध्ये कोरलंय: बोलू देत लोकांना. व्हेनिसच्या एका व्यापाऱ्याने गावातल्या प्रेयसीसाठी घर बांधलं आणि कुजबुज करणाऱ्यांना भिंतीवरच उत्तर दिलं, अशी कथा सांगतात. कथा खरी असो-नसो, बांधकामाचा पैसा खरा आहे. जवळच दोन दगडी ध्वजस्तंभ आहेत. एकावर व्हेनिसचा पंखवाला सिंह, दुसऱ्यावर गावाचा राखणदार सेंट जॉर्ज. खाली बाजारातली लांबीची मापं कोरून ठेवलेली, म्हणजे मापात पाप करणाऱ्याला तिथल्या तिथे धरता यावं.

माहितीपत्रकं पिरानला ‘छोटं व्हेनिस’ म्हणतात. मला हे नाव गावावर अन्याय करणारं वाटतं. व्हेनिसने पिरानला जे दिलं ते डोळ्यांना दिसतं, पण पिरानने व्हेनिसला जे दिलं ते विरघळून गेलं, त्यामुळे त्याची पत्रकं निघत नाहीत. मीठ हा तेव्हाचा फार मोठा धंदा होता. मासे, मांस, चीज टिकवायचं तर मीठ हवं आणि ते सगळीकडे पिकत नाही. व्हेनिसने एड्रियाटिकवरचा मिठाचा व्यापार मुठीत ठेवला. कोणी किती पिकवायचं, कोणाला आणि काय भावाने विकायचं, हे व्हेनिस ठरवत असे. साहजिकच चोरटा व्यापारही चाले. 1930 साली शिरोड्याला मिठाच्या कायद्याविरुद्ध सत्याग्रह झाला होता, हे माहीत असणाऱ्या मराठी वाचकाला सरकार आणि मीठ यांचं नातं वेगळं समजावून सांगायला नको.

चढाची तयारी असेल तर मिठागरांकडे वळण्याआधी सेंट जॉर्जच्या चर्चपर्यंत जाऊन यावं. ते समुद्रावर झुकलेल्या कड्यावर आहे. कडा लाटांनी खचत राहतो, म्हणून खालून कमानींच्या भक्कम भिंती उभारून त्याला आधार दिला आहे. शेजारी स्वतंत्र उभा घंटामनोरा आहे, 1608 चा, व्हेनिसच्या सान मार्को चौकातल्या मनोऱ्याची छोटी प्रतिकृती. गंमत अशी की व्हेनिसचा मूळ मनोरा 1902 मध्ये कोसळला आणि 1912 मध्ये पुन्हा बांधला गेला. त्यामुळे आजच्या घडीला नक्कल असलीपेक्षा तीनशे वर्षांनी जुनी आहे. लाकडी जिन्याच्या दीडशेच्या आसपास पायऱ्या चढलं की घंटांच्या खाली पोचतो. तास पडायची वेळ टाळून चढावं. वरून तीन देश एका नजरेत येतात. पायाखाली स्लोव्हेनिया, दक्षिणेला खाडीपलीकडे क्रोएशिया, उत्तरेला इटली आणि हवा स्वच्छ असली तर तिच्यामागे आल्प्स. बुरुजांसह शाबूत असलेली तटबंदी याच टेकडीवर थोडी वर आहे. पोस्टकार्डावरचं पिरान दिसतं ते तिथून. फोटोसाठी झुंबड असते. संध्याकाळी चारनंतर ऊन कौलांवर तिरपं येतं तेव्हा गेलेलं बरं.

गावाच्या टोकाला, पुंतावर, दीपगृह आणि सेंट क्लेमेंटचं छोटं चर्च आहे. वाळूचा किनारा शोधू नये, तो नाही. गावातले लोक काँक्रीटच्या धक्क्यावर पंचे पसरतात आणि लोखंडी शिडीवरून थेट खोल पाण्यात उतरतात. सत्तरीच्या बायका दुपारच्या जेवणाआधी अशा सहजतेने डुबकी मारून येतात की बघणाऱ्याने पोहायला न शिकल्याबद्दल शरमावं. पुंताकडून परतताना गल्ल्यांतून मे दिनाच्या नावाच्या चौकात यावं. तार्तिनी चौक व्हायच्या आधी गावाचा मुख्य चौक हाच होता. अठराव्या शतकात मोठा दुष्काळ पडला तेव्हा याच्याखाली पावसाच्या पाण्याचं दगडी टाकं बांधलं. भोवतालच्या घरांच्या पन्हळींतून पाणी त्यात सोडलं होतं. पन्हळ जिथे उतरते तिथे हातात घडा घेतलेलं दगडी बालक उभं केलंय आणि पायऱ्यांच्या दोन्ही अंगांना कायदा आणि न्याय यांचे पुतळे. पाणी वाटताना या दोघांची गरज पडते, हे त्या लोकांना पक्कं ठाऊक असावं. तीन बाजूंना समुद्र आणि प्यायला पाणी नाही, ही किनाऱ्यावरच्या गावांची जुनी रड. त्याच खाऱ्या पाण्यातून पिरानने पैसा काढला.

मिठागरं गावात नाहीत. दक्षिणेला काही किलोमीटरवर ड्रागोन्या नदी समुद्राला मिळते, तिच्या गाळाच्या सपाटीवर सेचोव्ल्येची मिठागरं आहेत. जवळजवळ सातशे हेक्टरचा पसारा. वाटेत पोर्तोरोझ लागतं. तिथे मोठी हॉटेलं, कॅसिनो आणि 1910 मध्ये उघडलेलं एक राजवाड्यासारखं हॉटेल आहे. मिठागरांतला चिखल आणि मिठाचं दाट पाणी यांचे उपचार घ्यायला ऑस्ट्रियाच्या साम्राज्यातले धनिक तिथे यायचे. पोर्तोरोझ आवडणाऱ्यांना आवडतं. आम्ही बसच्या खिडकीतून पाहिलं आणि पुढे गेलो.

मिठागरांचे दोन भाग आहेत. उत्तरेचं लेरा अजून चालू आहे आणि दक्षिणेचं फोंतानिज्ये 1960 च्या दशकात बंद पडलं. लेरात शिरताच पहिल्यांदा जाणवतो तो सपाटपणा. बांधांनी आखलेली पाण्याची चौकोनी तळी, त्यांत आभाळ, कडेला लाकडी ढकलगाड्या, आणि सावलीचं नाव नाही. ईस्टर्न एक्स्प्रेस हायवेवरून भांडुप-मुलुंडची मिठागरं वर्षानुवर्षं पाहिलेल्या मला हे चित्र ओळखीचं वाटलं. समुद्र बांधाने अडवायचा, भरतीचं पाणी उघाडीतून आत घ्यायचं, एका कोंडीतून दुसरीत फिरवत उन्हावाऱ्याने ते दाट करायचं आणि शेवटच्या कोंडीत मीठ धरू द्यायचं. इथवर पेण-उरण आणि पिरान सारखेच. भूमध्य समुद्रात बहुतेक ठिकाणी भरती-ओहोटी जाणवत नाही. एड्रियाटिकचा हा माथा अपवाद आहे, तिथे पाणी मीटरभरापर्यंत चढतं, म्हणूनच हा उद्योग जमला.

फरक शेवटच्या कोंडीत आहे, आणि तो पाहण्यासाठीच लेराला जावं. आपल्याकडे कोंडीचा तळ मातीचा असतो. तो पायांनी तुडवून, चोपून घट्ट करतात. तरी मिठात थोडी माती येतेच. पिरानकरांचंही पूर्वी तसंच करड्या रंगाचं मीठ निघायचं. चौदाव्या शतकात डाल्मेशियाच्या किनाऱ्यावरच्या पाग बेटातून कारागीर आले आणि त्यांनी पेतोला आणली. पेतोला म्हणजे तळावर मुद्दाम वाढवलेला सूक्ष्मजीवांचा थर. मुख्यतः निळे-हिरवे जीवाणू, त्यात जिप्समचे कण आणि चुनखडी. जाडी काही मिलिमीटर ते फार तर सेंटिमीटर. हा चिवट थर मीठ आणि चिखल यांच्यामध्ये अंथरल्यासारखा राहतो, मातीतले लोहासारखे क्षार वर येऊ देत नाही, आणि मीठ पांढरंशुभ्र निघतं. धुवायची गरज नाही.

ऐकायला सोपं वाटतं, पण पेतोला जिवंत आहे. ती सुकली की तडकते, उखडली की खाली चिखल लागतो. हिवाळाभर तिच्यावर समुद्राचं पाणी ठेवावं लागतं, वसंतात साफसूफ करावी लागते. कोंडीत उतरणारा कामगार बुटांना लाकडी फळ्या बांधून उतरतो, म्हणजे टाचेचा घाव बसू नये. मीठ ओढायला लांब दांड्याची लाकडी फळी असते, तिला गावेरो म्हणतात. ती पेतोलाला न खरवडता फक्त मिठाखालून फिरवायची असते. आम्हाला माहिती देणाऱ्या बाई हसून म्हणाल्या, “हे शिकवता येत नाही. नवीन मुलाला पहिलं वर्ष आम्ही कडेच्या कोंड्या देतो.”

रोज ओढायचं कारणही त्यांनी सांगितलं. आपल्याकडे पावसाळा एकदा गेला की पुढचे महिने मिठागर निर्धास्त असतं. एड्रियाटिकवर उन्हाळ्यात कोणत्याही दुपारी वीज कडाडून पाऊस येतो आणि तासाभरात कोंडीतलं सगळं धुऊन नेतो. त्यामुळे ऊन चांगलं असेल तर मीठ त्या-त्या दिवशीच काढून ढिगाला लावायचं. पाऊस येणार असं दिसलं तर दाट झालेलं पाणी झाकल्या टाक्यांत पळवायचं. सगळा धंदा ढगांकडे डोळे लावून. उन्हातल्या शांत संध्याकाळी पाण्याच्या पृष्ठावर मिठाची नाजूक साय धरते, ती वरच्या वर वेगळी काढतात. तिला मिठाचं फूल म्हणतात आणि दुकानात तीच सगळ्यात महाग विकली जाते. पिरानच्या मिठाला 2014 मध्ये युरोपीय संघाने भौगोलिक मूळाचं संरक्षण दिलं. चव? मिठाला चव काय असणार, असं वाटायचं. टोमॅटोवर भुरभुरून दिलं तेव्हा जिभेला कमी टोचतं एवढं नक्की कळलं. बाकीचं वर्णन विकणाऱ्यांवर सोडतो.

फोंतानिज्ये वेगळंच आहे. तिथे मिठागरकऱ्यांची घरं आहेत, बहुतेक पडकी. कौल नाही, वासे नाहीत, खिडक्यांतून आरपार आकाश दिसतं. चौथऱ्यांवर गवत. सेंट जॉर्जच्या दिवसापासून, म्हणजे 24 एप्रिलपासून, सेंट बार्थोलोम्यूच्या दिवसापर्यंत, 24 ऑगस्टपर्यंत, पिरानमधली शेकडो कुटुंबं सामानसुमान, पोरंबाळं होड्यांत घालून इथे राहायला येत. जत्रेसारखी ती निघायची, म्हणतात. घराचा खालचा मजला मिठाचं कोठार, वर राहायची जागा. खिडक्या दोन्ही बाजूंना, कारण ढग कुठूनही येऊ शकतो. एक दार कालव्याकडे, तिथून होडीत मीठ भरायचं. बायका-मुलं सगळी कामाला. माल सरकारजमा झाला की हिशेब मिळे, आणि पावसाने मोसम बुडवला तर हिवाळा उधारीवर. चौकातल्या कोरीव खिडक्यांखाली हे सगळं होतं. पिरानच्या सागरी संग्रहालयाने कालव्याकाठची काही घरं सावरून मिठागरांचं संग्रहालय केलं आहे. स्वयंपाकघर, पलंग, लाकडी अवजारं जशीच्या तशी. शेजारच्या कोंड्यांत जुन्या पद्धतीने मीठही पिकवून दाखवतात.

माणसं गेली ती जागा पक्ष्यांनी घेतली. अडीचशेहून जास्त जातींचे पक्षी इथे नोंदले गेलेत. 1993 मध्ये ही जागा रामसर पाणथळ ठरली, स्लोव्हेनियातली पहिली. पांढरे बगळे आणि शेकाटे आपल्यालाही ओळखता येतात. खाऱ्या मातीत वाढणारी मांसल पानांची झुडपं शरद ऋतूत लालभडक होतात. वजनाने जगातला सर्वांत लहान सस्तन प्राणी मानली जाणारी एट्रुस्कन चिचुंद्रीही इथे राहते. अर्थात दिसली नाही.

पण माणसं गेली का, हा प्रश्न राहतो. मीठ स्वस्त झालं आणि खाणींतलं, यंत्राचं मीठ बाजारात आलं, हे एक कारण. दुसरं कारण राजकारणाचं. पिरान 1797 नंतर ऑस्ट्रियाकडे, पहिल्या महायुद्धानंतर इटलीकडे गेलं. दुसऱ्या महायुद्धानंतर त्रिएस्तेभोवती एक मुक्त प्रदेश कागदावर उभा केला गेला. त्याचा दक्षिण भाग युगोस्लाव्हियाच्या लष्कराच्या हाती होता, पिरान त्यात. 1954 च्या लंडन करारानंतर तो युगोस्लाव्हियाला मिळाला आणि बहुसंख्येने इटालियन बोलणारं हे गाव काही वर्षांत जवळजवळ रिकामं झालं. ज्यांना मिठागरं पिढ्यानपिढ्या अवगत होती तीच कुटुंबं त्रिएस्तेकडे आणि पुढे निघून गेली. त्यांच्या घरांत स्लोव्हेनियाच्या आतल्या भागातून आणि युगोस्लाव्हियाच्या इतर प्रांतांतून माणसं आली. 1947 मध्ये आपल्याकडे जे झालं त्याच्या मानाने हे आकड्यांत लहान होतं, पण घराची किल्ली खिशात घेऊन जाणाऱ्याला आकडे काय सांगणार.

जे थोडे राहिले, त्यांची भाषा मात्र राखली गेली. पिरानमध्ये प्रत्येक पाटी दोन भाषांत असते, वर पिरान, खाली पिरानो. इटालियन शाळा आहेत, आणि देशाच्या संसदेत इटालियन अल्पसंख्याकांची एक राखीव जागा आहे. 2010 मध्ये या गावाने पेटर बोस्मान या डॉक्टरांना महापौर निवडलं. त्यांचा जन्म घानाचा. टिटो, नेहरू, नासर यांच्या अलिप्ततावादी चळवळीच्या काळात आफ्रिका-आशियातली पुष्कळ मुलं युगोस्लाव्हियात शिकायला गेली, त्यांतले ते एक. वैद्यकी शिकले आणि इथेच स्थिरावले. निवडून आले तेव्हा जगभरच्या वर्तमानपत्रांनी बातमी केली. गावातला प्रचार म्हणे गोल्फचं मैदान आणि गाड्यांचे तळ यावर झाला होता.

एक हिशेब अजून मिटलेला नाही. सेंट फ्रान्सिसच्या मठात, ज्याच्या सुंदर ओवऱ्यांत उन्हाळ्यात संगीताच्या मैफली होतात, व्हित्तोरे कार्पाच्चोने 1518 मध्ये रंगवलेलं वेदीचित्र होतं. 1940 मध्ये, पिरान इटलीकडे असताना, युद्धाच्या भीतीने ते इटलीच्या आतल्या भागात नेलं, ते पदुआलाच राहिलं. चित्रात मागे पिरानचं दृश्य आहे असं गावकरी मानतात. मठात त्याची जागा दाखवतात.

जेवणाचं सांगायचं तर मासे खाणाऱ्यांची चैन आहे. पिरानच्या खाडीत वाढवलेला सी-बास निखाऱ्यावर भाजून, वर ऑलिव्ह तेल आणि अर्थातच तिथलं मीठ. सार्डिन म्हणजे आपल्या तारल्यांचेच भाऊबंद, तळलेले, लिंबासोबत; हे स्वस्त आणि मला विचाराल तर सी-बासपेक्षा सरस. शाकाहाऱ्याने ब्लित्वा मागवावी. पालकासारखी पानं, उकडलेला बटाटा आणि लसूण. बरोबर पांढरी मालवाझिया किंवा गडद लाल रेफोश्क वाइन, दोन्ही आसपासच्या टेकड्यांवरच्या. धक्क्यावरच्या हॉटेलांत समुद्राचेही पैसे बिलात असतात. दोन गल्ल्या आत गेलं की तोच मासा बराच स्वस्त पडतो.

मीठ ओढताना पाहायचं असेल तर जून ते ऑगस्ट हाच काळ. मात्र तेव्हा गावात खोली मिळणं कठीण आणि दुपारी उन्हाची काहिली. नुसतं गाव पाहायचं तर मे किंवा सप्टेंबर. हिवाळ्यात ईशान्येकडून बुर्या नावाचा कोरडा, बोचरा वारा सुटतो, तेव्हा पुंतावर उभं राहणंही मुश्कील.

भारतीय पासपोर्टवर शेंगेन व्हिसा लागतो. पासपोर्ट पिशवीत बरोबर ठेवावा; फोंतानिज्येला जाताना तर पूर्वी तो दाखवावाच लागायचा. मिठागरांच्या दक्षिणेची खाडी स्लोव्हेनिया आणि क्रोएशिया यांच्यात 1991 पासून भांडणाची आहे. 2017 मध्ये आंतरराष्ट्रीय लवादाने तिचा बराच मोठा भाग स्लोव्हेनियाला दिला, क्रोएशियाने तो निवाडा मानला नाही. या सीमेमुळे झालेला प्रकार असा की फोंतानिज्येच्या संग्रहालयाचं फाटक दोन्ही देशांच्या चौक्यांच्या मध्ये यायचं. 1 जानेवारी 2023 ला क्रोएशिया शेंगेनमध्ये येईपर्यंत मिठाची जुनी अवजारं पाहायला जाणाऱ्याला स्लोव्हेनियाच्या पोलिसांना पासपोर्ट दाखवून देशाबाहेर पडावं लागायचं आणि संग्रहालय पाहून झालं की परत देशात यावं लागायचं. चौकीपासून संग्रहालयापर्यंत बांधावरून बरंच चालायचं आहे. वाटेत ना झाड ना टपरी, तेव्हा पाण्याची बाटली भरून घ्यावी.